चांदणीचा साचा

चांदणीचं आठवं टोक काही केल्या जुळेना. पुठ्ठ्याच्या साच्याचे कोपरे झिजले, की कापडाचे शंकरपाळ्यासारखे तुकडे लहानमोठे कापले जातात आणि मधोमध शिवणी एकत्र येतच नाहीत. मांजरी गावाहून लेक बाळंतपणाला यायच्या आत गोधडी व्हायला हवी होती. शेवटी जरीनाने वैतागून सासऱ्यांची पेटी उघडली. ते जाऊन सहा वर्षं झाली होती. तळाशी छातीच्या एक्स-रेची फिल्म होती. चिवट आणि टिकाऊ! तिने लगेच तिचाच साचा कापला.

संध्याकाळी अमीन कामावरून आला आणि साचा बघून दारातच थबकला.

"अहो, अब्बांच्या पेटीत सापडली फिल्म. आता कुणाला लागतेय ती?"

"नाही लागत," तो म्हणाला. "तू गोधडी तेवढी लवकर संपव. नातवंडाच्या अंगावर मला माझ्या हाताने घालायचीय."

दुसऱ्या दिवशी आठही टोकं जुळली. आता चौकोनी साचा हवा, म्हणून तिने उरलेली फिल्म खिडकीच्या उजेडात धरली.



कोपऱ्यात नाव अमीनचं होतं आणि तारीख गेल्या महिन्याची.