तिसरी कोंबडी

दुसऱ्या कोंबडीचं हाडही वाईट निघालं, असं थोंगयूने सांगितलं आणि ते लगेच मुठीत झाकून घेतलं.

दोराच्या देवळासमोर सगळे बसले होते. देऊळ म्हणजे खांबांवरची एक खोली, आणि आत म्हशीच्या कातड्याचा दोर. याच दोराने थोंगयूच्या आजोबांनी रानातले हत्ती धरले होते. हत्तीला गावाबाहेर न्यायचं तर आधी दोराला कोंबडी द्यायची, ती उकडायची, आणि तिच्या जिभेखालचं दुबेळकं हाड घरच्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवायचं. दोन्ही टोकं सारखी पुढे वळलेली असली तर निघायचं. एक वर, एक खाली असलं तर गुमान घरी बसायचं. त्यावर कुणी वाद घालत नाही.

वीरा मात्र घालत होता. "काका, कोंबडी खायची असेल तर सरळ सांगा की. आणखी चार मागवतो. ट्रक सकाळपासून उभा आहे माझा."

हा वीरा समुद्राकाठच्या एका हत्ती-कॅम्पचा माणूस. नोई या अडीच वर्षांच्या हत्तिणीच्या पिल्लाला न्यायला आला होता. माहूत म्हणून थोंगयूचा मुलगा संवान तिच्याबरोबर जाणार होता.

"घाई असेल तर जा रिकामा," थोंगयू म्हणाला.

"अहो, आता पहिल्यासारखं काही राहिलं नाही. पाठीवर कुणी बसत नाही, नाच नाही, अंकुश नाही. तशी पाटीच लावलीय दारात. पाहुण्यांबरोबर पाण्यात डुंबायचं आणि केळी खायची. मजा आहे पोरीची!"

"आणि पाहुणे आले की ती पाण्यात आडवी होईल? आपणहून?"

"शिकतात सगळे."

ते शिकणं थोंगयूने पाहिलं होतं. नोईची आई मालाई अंगणाच्या टोकाला चिंचेखाली साखळीला होती. बारा वर्षं सर्कशीत काढून पाच वर्षांपूर्वी ती घरी आली, आणि तेव्हापासून जागच्या जागी डुलत होती. उजवीकडे, डावीकडे, दिवसभर. इतक्यात ट्रकवाल्याने कंटाळून भोंगा वाजवला. मालाईने डुलता डुलता पुढचा पाय उचलला, सलाम केला आणि पाय खाली ठेवला. ट्रकवाला खो खो हसला आणि त्याने पुन्हा भोंगा वाजवला. पुन्हा सलाम. थोंगयूने मान फिरवली. त्याला दर वेळी लाज वाटायची, कारण तिला सर्कशीत त्यानेच धाडलं होतं.

तिसरी कोंबडी शिजली. या वेळी हाड संवानने स्वतः काढलं. म्हाताऱ्याने पुढे केलेला हात त्याला दिसलाच नाही जणू.

"बाबा, मला हाड वाचायला कुणी शिकवलं?" त्याने वीराला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं. "पहिलं चांगलं होतं. दुसरंही. दोराच्या पुढ्यात बसून खोटं बोललात."

"एकीची वाट लावली मी. हिची नाही लावू देणार."

"आणि चारा? दोघींचा चारा कुठून आणू? लोकांच्या शेतातला ऊस मागून मागून मला तोंड उरलं नाही."

त्याने हाडावरचं मांस खरवडलं आणि बघतच राहिला. थोंगयूनेही वाकून पाहिलं. एक टोक वर होतं, दुसरं खाली, आणि खालचं काळं पडलं होतं. काळं टोक माणसाचं. हत्तीच्या पुढे चालणारा माणूस परत येत नाही. असं हाड म्हाताऱ्याने उभ्या जन्मात एकदाच पाहिलं होतं, थोरला भाऊ गेला तेव्हा.

"काय म्हणतंय?" वीराने विचारलं.

संवानने हाड कुत्र्यापुढे टाकलं. "चांगलं आहे. चला."

"खोटं बोलतोय हा!" थोंगयू ओरडला. "वीरा, खोटं आहे हे!"

"आणि तुम्ही सकाळपासून काय बोलताय, बाबा?"

वीराने मांडीवर थाप मारली आणि हसत हसत उठला.

नोईच्या गळ्यात दोरखंड पडला. ट्रक पाहून ती बिचकली, पण गेली, कारण संवान पुढे होता. जन्मल्यापासून ती त्याच्याच मागे चालत आली होती.

संवानची बायको लामयाई घराच्या पायरीशी उभी होती. बायकांनी दोराच्या देवळाजवळ जायचं नसतं, त्यामुळे तिला लांबून नुसतं हसणं दिसलं होतं. अंगणभर तीन कोंबड्यांची पिसं उडत होती. ती खराटा घेऊन वाकली.

ट्रकवाल्याने निघायचा भोंगा वाजवला. थोंगयूने सवयीने मालाईकडे पाहिलं. तिने पाय उचलला नाही. ती डुलतही नव्हती. कान थांबले होते. ती संवानच्या पाठीकडे बघत होती.

"लामयाई," म्हातारा म्हणाला, "खराटा ठेव."

"का हो मामंजी?"

"माणूस परत येईपर्यंत घर झाडायचं नाही."

"अहो, ती रीत रानात हत्ती धरायला जाणाऱ्यांची," ती हसली. "हे तर ट्रकने चाललेत."

"ठेव म्हटलं ना."

तिने सासऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग देवळासमोर कुडूमकुडूम हाड चावणाऱ्या कुत्र्याकडे. खराटा टाकून ती पिसं तुडवत ट्रककडे धावत सुटली. तिच्या मागे, चिंचेखाली, साखळी ताणल्याचा आवाज झाला.