खिडकीखालची हजेरी

वर्गात कुणी श्वासही मोठ्यानं घेत नव्हतं. राजपाल गुरुजींचा फोन एकेका चेहऱ्यासमोरून सरकत होता. चेहऱ्याभोवती हिरवी चौकट उमटे, फोन कन्नडात आभार मानी आणि पुढे जाई. "हलायचं न्हाई, ओठ मिटा," गुरुजींनी बजावलं होतं. चौथीची मुलं दगडात कोरल्यासारखी बसली होती.

नावं पुकारण्याची रीत कालच संपली. आजपासून हजेरी चेहऱ्यावर.

खिडकीखाली चंद्रम्मा उभी होती, हातात खुरपं घेऊन. तुरीत खुरपायला जाताना ती रोज इथं थांबायची, नातीचं नाव ऐकायची आणि मग वाटेला लागायची. गुरुजी "मल्लेश्वरी बंडेप्पा!" अशी हाक देत, आणि त्या एका नावाला सगळा वर्ग मिळून 'हजर' म्हणे. ही पद्धत कुणी घालून दिलेली नव्हती. गेल्या पावसाळ्यात सवयीनं ते नाव गुरुजींच्या तोंडून निसटलं होतं. चूक उमगून ते थबकले, तेव्हा मुलांनीच ते वरच्या वर झेललं.

फोन खिशात टाकून गुरुजी बाहेर आले.

"कामून गुरुजी, आज मुकी हजेरी?" चंद्रम्मा हसली. "घसा बसलाय, का घरी अबोला चाललाय?"

"तसं न्हाई, आज्जी. आता नाव घ्यायचं कामच उरलं न्हाई. ह्या फोनला नुसता चेहरा लागतो."

चंद्रम्मानं खुरपं या हातातून त्या हातात घेतलं.

"तोंड लागतंय व्हय," ती हळूच म्हणाली. "तोंड तर आपण मातीआड केलं की, गुरुजी. तुमीबी मूठभर माती टाकली. नाव तेवढं तुमच्यापाशी ठिवलं होतं."

गुरुजी खिडकीकडे वळले. गज धरून त्यांनी हाक दिली, "मल्लेश्वरी बंडेप्पा!"

आत मुलं तशीच बसून होती. ताठ, नजर समोर, ओठ मिटलेले. नवी शिस्त ती एका सकाळीत शिकली होती.

"आज्जी, थांबा... उद्यापासून मी रोज हाक मारतो. येताल ना उद्या?"

चंद्रम्मा खिडकीकडे कान देऊन आणखी थोडा वेळ उभी राहिली. मग पदर सावरून तुरीच्या वाटेनं चालू लागली.