खाटेच्या फळ्या

आमचा धाकटा दिगू लोकांच्या मयताला गेला तर त्यांच्या कोंबड्यांचीसुद्धा विचारपूस करतो, पण स्वतःच्या आईची करायला त्याची जीभ उचलत नाही. वादळानं माझ्या घराची पुढची भिंत पाडली, तेव्हा पनवेलहून धावत आला आणि आल्या आल्या भिंतीचं भगदाड मोजायला लागला.

"आये, उघड्या घरात चोर शिरतील. तात्पुरत्या फळ्या ठोकून घेऊ. तोवर तू माझ्याकडं पनवेलला चल. पाऊस सरला की भिंत बांधतो नि तुला परत आणून सोडतो."

तात्पुरत्या म्हणाला म्हणून मी तयार झाले. मडक्यात तांदूळ तसेच राहू दिले आणि अंगणात येऊन बसले. गावात सगळ्यांचीच घरं उघडी पडलेली, फळ्या विकत मिळत नव्हत्या. तरी सुतार भराभर ठोकत होता आणि दिगू घरातनं एकेक फळी आणून देत होता.

शेवटची फळी वर चढली तेव्हा तिच्यावरचा करपलेला डाग मला दिसला. दिगूच्या वेळच्या बाळंतपणात खाटेखालची शेगडी भडकली होती, तेव्हाचा तो डाग.

"माझी खाट मोडलीस?"

"मग? आता इथं कोण निजणार आहे?" म्हणाला, तेही माझ्याकडं न बघता.

मी उठले आणि सुताराच्या देखतच बोलले, "ज्याला आईला परत आणायचं असतं तो तिची खाट मोडत नाही, दिगू. वादळानं नुसती भिंत पाडली. मला घराबाहेर तू काढलंस."