थापा नकोत

रिबकाबाईंना ऑपरेशनला न्यायला स्ट्रेचर दाराशी आलं. "अहो, प्रार्थना करा," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "पण थापा नकोत."

गीतपुस्तक दाखवून चर्चमधून वाघ हाकलल्याची गोष्ट गावभर सांगणाऱ्या दाऊदरावांनी बायकोचा हात हातात घेतला आणि डोळे मिटले.

"हे प्रभू, आम्ही दोघं रोज पहाटे गुडघ्यांवर असतो..."

"तुम्ही तेव्हा घोरत असता," मिटल्या डोळ्यांनीच त्या म्हणाल्या.

"मी हिला कधी दुखावलं नाही..."

"अहो, कुणाशी बोलताय?"

वॉर्डबॉय घड्याळ पाहू लागला. शेवटी दाऊदरावांच्या तोंडून कसेबसे शब्द फुटले, "प्रभू, मला फार भीती वाटते. हिच्याशिवाय मला साधा चहासुद्धा करता येत नाही."

रिबकाबाईंनी त्यांचा हात घट्ट धरला. "प्रभू," त्या म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे."