मुकी वरात

तळ्याच्या बांधावर ढोल वाजला, तशी नवरीची आई भिवराबाई कोयता घेऊन धावत सुटली. वरात मुकी आणा, असं तिनं दहादा बजावलं होतं. पण मुलाकडच्यांच्या तोऱ्याला कान कुठले!

शहराची घाण पिण्यासाठी प्रयोगशाळेत घडवलेलं पाणकणीस या तळ्यात लावलं होतं. जिकडं अन्न, तिकडं त्याची मुळं धावायची. पुढं घाण यायची बंद झाली, पण गाव दरसाल ढोल बडवत बांधावर देवीला बकरं कापत राहिलं. ढोल वाजला की रक्त मिळतं, हे त्या झाडाला गावानंच शिकवलं.

भिवराबाई पोचली तेव्हा मुळांनी घोडा फाडला होता. आता नवरदेवाची मांडी मोडून मुळं त्याला पाण्यात ओढत होती.

"ढोल थांबव, मेल्या!"

"विहीणबाई, आमचा मान..." व्याही पुटपुटला.

"मान गेला चिखलात! पोराला धरा!"

ढोल थांबला, पण रक्ताला चटावलेली मुळं सुटेनात. एक तोडलं की दोन वर येत. तेव्हा भिवराबाईनं कोयत्यानं स्वतःचाच तळहात चिरला, ढोल हिसकला आणि बडवत बांधाच्या दुसऱ्या टोकाला पळाली. पाणकणसाचं अख्खं रान सळसळत तिच्यामागं वळलं.

"मुहूर्त चुकवू नका!" ती ओरडली. "आणि माझ्या पोरीला छळाल, तर परत येईन!"

नवरदेव सुटला. पलीकडं ढोल वाजत राहिला, मग थांबला.

सांजेला खाटेवरच्या नवरदेवाशी तिच्या लेकीचं लग्न लागलं. मंगलाष्टकं सगळ्यांनी कुजबुजत म्हटली.