तिसरा पट्टा

"रव्याएवढे आहेत की पिठासारखे?" श्यामकांतांनी पलंगावरून विचारलं.

मंदाकिनी बाहेरच्या खोलीत काचेच्या टाकीला नाक लावून उभी होती. आत बोटभर लांबीचा नारिंगी मासा कोपऱ्यातल्या दगडाला अंग घासत होता. त्याच्या अंगावर तीन पांढरे पट्टे होते आणि आज सकाळपासून पांढरे ठिपकेही.

"रव्याएवढे," ती म्हणाली. "सुटे सुटे. मोजता येतील."

"मग मोज. अंदाजपंचे नको."

तेवीस भरले.

श्यामकांतांनी सुटकेचा श्वास टाकला. "पिठासारखे असते तर दोन दिवसांत गेला असता. रवा आहे म्हणजे उपाय आहे."

श्यामकांत दळवी सरकारच्या प्राणिशास्त्र खात्यात माशांची चित्रं काढत, खवलं न् खवलं मोजून. एक डोळा लहानपणी देवीत गेलेला. दुसऱ्याच्या जोरावर त्यांनी बावीस वर्षं नोकरी केली आणि बालीगंजमध्ये संसार थाटला. हा मासा अंदमानहून चित्रासाठी आला होता. खात्यात खाऱ्या पाण्याची धड सोय नाही म्हणून त्यांनी तो घरी आणून ठेवला. दोन पट्टे रंगवून झाले आणि तिसरा हाती घेतला, तोच त्या धडक्या डोळ्यापुढे काळा पडदा उतरला.

ऑपरेशन झालं. दहा दिवसांनी घरी सोडलं ते डोळ्यांवर पट्टी बांधून. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या आणि आणखी तीन आठवडे उताणं पडून राहायचं.

"हलायचं नाही, खोकायचं नाही, रडायचं नाही," डॉक्टर घोषालांनी जिन्यात मंदाकिनीला हिंदीत बजावलं होतं. "मनाला धक्का बसेल असं काही कानावर घालू नका."

तीन आठवडे प्रेतासारखं पडून राहा, हे सांगायला कुणाचं काय जातं? श्यामकांतांसारखा माणूस चार दिवसांत वेडा झाला असता. माशाच्या दुखण्याने त्यांना निदान काम तरी दिलं.

त्यांनी पडल्या पडल्या औषध सांगितलं. चिमूटभर मोरचूद सोड्याच्या बाटलीभर पाण्यात विरघळवायचं आणि रोज सकाळी पाच थेंब टाकीत सोडायचे. सहावा पडला तर आजाराआधी मासाच मरेल. तळाची वाळू काढून टाकायची, कारण ठिपके गळून तिथेच वाढतात आणि पुन्हा अंगावर चढतात.

"ठिपके गेले म्हणजे दुखणं गेलं, असं समजू नकोस," ते म्हणाले. "तीन आठवडे औषध थांबवायचं नाही."

"म्हणजे तुमचंच पथ्य की."

श्यामकांत मान न हलवता हसले.

टाकीला हवा हवी म्हणून त्यांनी फुटबॉलच्या ब्लॅडरला बारीक नळी जोडलेली होती. मंदाकिनी सायकलच्या पंपाने ब्लॅडर फुगवी आणि दिवसभर पाण्यात बुडबुडे वाजत राहत. तो आवाज आला की श्यामकांतांना बरं वाटे. माशासाठी रोज गडियाहाटच्या बाजारातून मूठभर बारीक कोळंबी यायची, ती मंदाकिनी चिरून घाली.

दुसऱ्या दिवशी एकतीस ठिपके झाले. चौथ्या दिवशी चव्वेचाळीस.

"डोळ्यावर आलेत का?" त्यांनी विचारलं.

"एका डोळ्यावर आहेत."

श्यामकांत हळूच म्हणाले, "त्याचा डोळा जायला नको गं."

मंदाकिनीला भडभडून आलं. ती पंप घेऊन बाहेर गेली आणि मनसोक्त रडून परत आली.

सहाव्या दिवशी ती त्यांना भरवत होती. पहिल्याच घासाला ते थबकले.

"कोळंबीची आमटी?"

"आज जरा जास्त आली होती."

"आणि ठिपके?"

"अठरा," मंदाकिनी म्हणाली. "उतार पडलाय."

त्यांचा हात चाचपडत तिच्या हातापर्यंत आला आणि तिथेच राहिला. त्या दिवशी दोन घास जास्त गेले.

मग आकडा रोज खाली येऊ लागला. बारा, नऊ, चार. श्यामकांतांची झोप सुधारली. खात्यातून निरोप आला होता की त्यांची जागा पुढच्या महिन्यापर्यंत राखून ठेवू. त्याचीही धास्ती ते आता बोलून दाखवत नसत.

"पट्टी सुटली की आधी त्याला बघणार," ते म्हणत. "मग तुला."

"चालेल. माझ्यात बघण्यासारखं काय उरलंय?"

ती तोंडाने चेष्टा करी, पण जीव टांगणीला लागलेला असे. देवापुढे तिचं एकच मागणं होतं. यांचा डोळा उघडू दे आणि मग यांना माझ्यावर हवं तेवढं रागावू दे.

एकविसाव्या दिवशी डॉक्टर आले. त्यांनी पडदे ओढले, दार लावून घेतलं. मंदाकिनीला आत उभं राहवेना. ती टाकीपाशी थांबली. आत बोलणं चाललं होतं, फार हळू आवाजात.

पाऊण तासाने डॉक्टर बाहेर आले. तिने चहा पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"त्यांना तुम्हाला स्वतः सांगायचंय," एवढं बोलून ते जिना उतरले.

श्यामकांत काळा चष्मा लावून दारात आले. इतक्या दिवसांनी पाय जमिनीला लागले होते. चौकटीला हात टेकत, पाऊल जपत ते बुडबुड्यांच्या आवाजाशी आले. टाकीच्या काचेवर त्यांनी तळवा ठेवला आणि वाकले. मंदाकिनी बाजूला झाली. आता काय ते रागावणं ऐकायचं म्हणून तिने पदर घट्ट धरला.

"एकही ठिपका नाही," ते म्हणाले. "अगदी लख्ख झालाय. बघ कसा मजेत फिरतोय."

मंदाकिनी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली.

"उद्या तिसरा पट्टा रंगवायला घेतो."

"घ्या," ती म्हणाली. कोळंबीची आमटी केली त्या सकाळीच तिने मासा मोगऱ्याच्या कुंडीत पुरला होता, आणि टाकीत तेव्हापासून नुसतं पाणी होतं.