गॅरेजची किल्ली

चौऱ्याऐंशीच्या दसऱ्यापासून विंटेज गाडी सुरूच होईना, तेव्हा मृणालिनीचा संशय शेजारच्या वॉल्टरवर गेला. परदेशातल्या एडिसन गावच्या घरी नवरा ती हौसेनं दुरुस्त करायचा आणि वॉल्टर मदतीला यायचा. "अहो, सारखा विकत मागत होता तो. काहीतरी करून ठेवलं असणार," ती म्हणत राहिली. शेवटी त्याच्याकडची गॅरेजची किल्ली तिनं मागून घेतली. तो ती देऊन गेला. आज गुरुवारचा उपास सोडण्याआधी ती चहा घेऊन आली तर नवऱ्यानं कार्बोरेटर उघडला होता. "पेट्रोलची वाट हिनं अडवली," म्हणत त्यानं चिमट्यातली तांदळाची कणी तिच्या तळहातावर ठेवली. कणी अजून लालसर होती. दसऱ्याला कार्बोरेटर टेबलावर उघडा होता आणि हत्यारांवर अक्षता तिनंच वाहिल्या होत्या. "वॉल्टरकडे कुंकू असतं का गं?" किल्ली मुठीत घेऊन ती उपाशीच वॉल्टरच्या दाराकडे निघाली.